पुढच्या पाळीस सूचना

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे नात्यागोत्यातल्या यच्चयावत कॉम्प्युटरांची दुखणी माझ्याकडे येतात. प्रिंटरने कागद गिळला, मोबाइलमधली जागा भरली, कुणाचा पासवर्ड हरवला, की इलाजाला मी. बडोद्यात आमची माणसं पुष्कळ, आणि बहुतेक सगळी दांडिया बाजारच्या आसपास, चपला अडकवून चालत येण्याच्या अंतरावर. नाही म्हणायला तोंड उघडावं तर समोरच्याने आधीच श्रीखंडाचा डबा आपल्या हातात दिलेला असतो. मी तशी तापट आहे. आठवीची मुलं मला बघून सरळ बसतात. पण नातेवाइकांपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. ‘भीड भिकेची बहीण’ असं आई म्हणायची, आणि नेमकी माझ्याकडे बघून म्हणायची.

या भिडेपायीच माझ्या एका होस्टिंग खात्यात पाच वेबसाइट राहायला आल्या. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वेबसाइटला एक पत्ता लागतो, त्याला डोमेन म्हणतात. आणि तिचं सामान ठेवायला कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर जागा लागते, ते होस्टिंग. पत्ते प्रत्येकाचे वेगळे घ्यावे लागतात, पण जागा एकच घेऊन तिच्यात पाच-दहा पत्त्यांचं सामान ठेवता येतं. एकेकाला एकेक फोल्डर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पाच स्वतंत्र बिऱ्हाडं आहेत. आतून बघितलं तर एकच खोली, आणि मध्ये भिंतीसुद्धा नाहीत, नुसते पडदे.

पहिली वेबसाइट माझी, मुलांना नोट्स द्यायला काढलेली. मामाला ते कळलं. मामा बडोद्यातल्या मराठी मुलामुलींची लग्नं जमवतो. हौस म्हणून सुरू केलं आणि आता वर्षातून दोनदा वधू-वर मेळावा भरवतो. बोलणं त्याचं निम्मं गुजराती, मला लाडाने ‘दीकरा’, म्हणजे बाळा, म्हणतो. ‘‘दीकरा, तुझ्या जागेत माझं पण एक पान राहू दे ने. किती जागा लागणार?’’ मामाचं पान आलं. त्याच्या मागून त्याचा मुलगा आला. तो लग्नाचे फोटो काढतो, लहरीपुऱ्याकडे त्याचा स्टुडिओ आहे. मग शेजारच्या, दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या काकू आल्या. पाचवी वेबसाइट माझ्या वडिलांची. ती मात्र मी स्वतःहून, मनापासून केली होती.

मामेभावाला फोटो स्वतःच चढवायचे होते, म्हणून त्याने पासवर्ड मागितला. खरं तर अशा वेळी त्या माणसाला त्याच्या फोल्डरपुरता वेगळा पासवर्ड करून देतात. दोन मिनिटांचं काम. मी ते वर्गात शिकवते, परीक्षेत त्यावर प्रश्न काढते. त्या दिवशी मी ते करायला बसलेही होते. मामा शेजारी चहा पीत होता. ‘‘वेगळी किल्ली?’’ त्याने बशी खाली ठेवली. ‘‘आपल्यातल्या आपल्यात? आम्ही काय परके झालो?’’ आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या सख्ख्या भावाच्या चेहऱ्यावरचं ते वाईट वाटणं तिलाही दिसलं आणि मलाही. मी मुकाट्याने सगळ्या खात्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला.

आता वडिलांबद्दल.

बाबांनी सारी हयात रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये काढली. तिथे तीन पाळ्या चालतात. पाळी संपली की जाणारा माणूस आपल्या आठ तासांत काय घडलं ते लॉगबुकात लिहितो, आणि शेवटी ‘पुढच्या पाळीस सूचना’ म्हणून दोन-चार ओळी: अमक्या पंपाचा आवाज येतो आहे, लक्ष ठेवावे, तमका व्हॉल्व्ह उघडू नये. येणारा माणूस खुर्चीत बसायच्या आधी ते वाचतो, सही करतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. लॉगमध्ये नाही ते घडलं नाही. दुसऱ्याच्या पाळीत आपण पेन लावायचं नाही. हे नियम आमच्या घरात आरतीइतके पाठ होते. दूध उतू गेलं तरी बाबा विचारायचे, ‘‘कुणाच्या पाळीत?’’

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांची आठवण सैल व्हायला लागली. जुनं सगळं शाबूत, कालचं मात्र कोरं. डॉक्टर म्हणाले, रोज लिहून ठेवू द्या. आम्ही वही आणली. बाबा लिहायचे आणि वही कुठेतरी जपून ठेवायचे. एक पिठाच्या डब्यात सापडली, एक गॅसच्या सिलिंडरमागे, एक सापडलीच नाही. वही मिळाली नाही की ते सकाळीच चिडायचे, की मागच्या पाळीचा माणूस हँडओव्हर न देता घरी गेला. मागच्या पाळीचा माणूस म्हणजे तेच, हे त्यांना हसत हसत सांगितलं तर तेही हसायचे, पण त्यांच्या डोळ्यांत भीती असायची.

म्हणून मी त्यांना वेबसाइट करून दिली. त्यांच्याच नावाचा पत्ता घेतला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत लॉग कॉम्प्युटरवर आलं होतं, त्यामुळे त्यांना ते परकं वाटलं नाही. देवघराशेजारी एक टॅब भिंतीला ठोकूनच टाकला, म्हणजे पिठाच्या डब्यात जायचा प्रश्न नाही. दिवस मावळला की बाबा त्याच्यासमोर उभे राहून बोलायचे आणि अक्षरं उमटायची. सकाळी उठले की आधी कालची नोंद वाचायची, मग चहा. मला त्याचा दुसरा फायदा असा की, मधल्या सुट्टीत शाळेतून मोबाइलवर ते पान उघडून बाबांनी गोळी घेतली की नाही, ते कळायचं. पानाला पासवर्ड होता. जगात ते वाचणारे आम्ही दोघंच.

‘दूध दोन पिशव्या. बीपीची गोळी घेतली. खंडेराव मार्केटात जाऊन मेथी आणली, रस्ता चुकलो नाही. ही म्हणाली मेथी जून आहे. पुढच्या पाळीस सूचना: मेथी हिला निवडू द्यावी, आपण घेऊ नये.’ असं रोज. आई ते माझ्याकडून वाचून घ्यायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्याविषयी एवढं कधी लिहिलं नव्हतं, असं म्हणायची.

मग आईला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं. साधं ऑपरेशन, चार दिवसांत घरी, असं सगळे म्हणत होते. ऑपरेशन झालंही नीट. पाचव्या दिवशी बाबांनी संध्याकाळी नोंद केली: ‘हिला भेटून आलो. अर्धी पोळी खाल्ली. डॉक्टर म्हणाले उद्या सुट्टी. पुढच्या पाळीस सूचना: जाताना मोरपंखी साडी पिशवीत घालावी. दवाखान्याच्या कपड्यात घरी यायचं नाही म्हणते.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाथरूमला जायला उठली आणि नर्सच्या हातात कोसळली. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली म्हणाले. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मोरपंखी साडी बाबांच्या हातातल्या पिशवीत होती. तीच तिला नेसवली.

तेरा दिवस बाबांनी लॉगला हात लावला नाही. माणसांची ये-जा होती, कुणी ना कुणी शेजारी बसलेलं असायचं. तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि प्रश्न सुरू झाला. सकाळी बाबा टॅबसमोर जायचे, शेवटची नोंद वाचायचे आणि कपाट उघडून मोरपंखी साडी शोधायचे. मी सांगायचे. ते मट्कन खाली बसायचे. ते काही आठवल्यासारखं बसणं नव्हतं, दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं होतं. दुपारपर्यंत त्यांना सगळं लख्ख आठवायचं, स्मशान, अस्थी, कोण कोण आलं होतं ते. रात्रीची झोप झाली की पुन्हा कोरी पाटी. मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही लिहा. त्यांचा हात त्या शब्दांपर्यंत जायचा नाही. तीन आठवडे असं चाललं. रोज सकाळी चहाच्या आधी माझी आई नव्याने मरायची, आणि मी साडेसातच्या घंटेला शाळेत हजर असायचे.

एक दिवस मधल्या सुट्टीत मी सवयीने ते पान उघडलं. बाबांनी भर सकाळी, मी गेल्यावर, नोंद केली होती. ‘स्थायी सूचना, सर्व पाळ्यांसाठी. ही गेली. मी तिथे होतो. घरात शोधू नये. मुलीला विचारू नये, तिला फार त्रास होतो.’

कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये एसीच्या आवाजात कुणाला रडणं ऐकू येत नाही, एवढी एक सोय आमच्या शाळेत आहे.

त्या दिवसापासून बाबांनी ती सूचना रोजच्या नोंदीखाली उतरवून घेतली. सकाळी वाचायचे, थोडा वेळ उभे राहायचे, देवघरातल्या आईच्या फोटोकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘‘चहा टाक.’’ सात महिने. त्यांच्या नोंदी हळूहळू पुन्हा लांब व्हायला लागल्या. आईच्या आठवणीही त्यात यायच्या. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला गुजराती येत नव्हतं आणि भाजीवाल्याशी ती खुणांनी भांडायची, असलं काहीबाही. मी वाचायचे आणि पान बंद करायचे. कुठे उतरवून ठेवावं असं एकदाही मनात आलं नाही. ते तिथे होतंच की.

इकडे त्याच तेरा दिवसांत, आम्ही सुतकात असताना, मामेभावाने लग्नसराईचे सगळे फोटो चढवले होते. माझ्या होस्टिंग कंपनीचा नियम असा की, रोज सगळ्या खात्याची एक प्रत काढून ठेवायची, पण खात्यातल्या फाइलींची संख्या ठरावीक आकड्याच्या वर गेली तर प्रत काढणं बंद. तसा इशारा त्यांनी मला मेलने पाठवला होता. तो मी नंतर शोधून वाचला. आईच्या दहाव्याच्या दिवसाची तारीख होती त्याच्यावर. त्या दिवशी मी कुणाची पत्रं वाचत नव्हते.

तेव्हापासून माझ्या खात्याची प्रत निघतच नव्हती, आणि मला पत्ता नव्हता.

सात महिन्यांनी एका सोमवारी सकाळी बाबा टॅबसमोरून ओरडले. पाहते तो पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ: हे खाते स्थगित करण्यात आले आहे. ‘‘प्लँट बंद पडला का गं?’’ बाबांनी विचारलं. आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘‘तुझी आई कुठेय?’’

मामेभावाने फोटो सरकते दिसावेत म्हणून कुठूनतरी फुकटचं काहीतरी उतरवून आपल्या फोल्डरात बसवलं होतं. त्याच्यातून व्हायरसची घाण शिरली आणि नुसत्या पडद्यांच्या खोलीत जे व्हायचं ते झालं. ओल्याबरोबर सुकं नव्हे, सुक्याबरोबर ओलं जळालं. बाबांच्या दोन ओळींच्या पानापासून काकूंच्या चकलीपर्यंत सगळ्यांत ती पसरली आणि कंपनीने अख्ख्या खात्याला कुलूप घातलं. मलाही आत जाता येईना.

भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘ताई, एमनेम, सहजच एक डिझाइन टाकलं होतं, बस. तू टेन्शन नको घेऊ ने, तुला तर सगळं येतं.’’ मला सगळं येत नाही. मला मुलांना फोल्डर करायला शिकवता येतं. पण हे त्या घराण्यात कुणाला सांगून पटलं असतं?

मंगळवारीही तेच. सकाळी बाबांना नोंद दिसली नाही, त्यांनी विचारलं, मी सांगितलं, ते खाली बसले. सात महिन्यांनी पुन्हा ते बघताना माझ्या लक्षात आलं, की त्या सूचनेने बाबांना जेवढं सांभाळलं होतं, त्याहून जास्त मला सांभाळलं होतं. माझ्या अंगात ते रोज सांगायचं बळ उरलेलं नव्हतं.

बुधवारी बाबा उठायच्या आधीच मी शाळेला निघाले. मामाचे सकाळपासून अकरा फोन. रविवारी मेळावा, आणि सगळ्या मुलामुलींचे अर्ज त्याच्या पानावर. ‘‘लोक मला विचारतात, दीकरा. माझी आबरू जाते. जल्दी काहीतरी कर ने.’’ तिसऱ्या तासाला मुलं टायपिंग करत होती आणि मी मागच्या बाकावर बसून कंपनीच्या माणसाशी लेखी बोलत होते. तो भला होता, कुठून बोलत होता देव जाणे. त्याने दोन रस्ते सांगितले. एक, एकेक फाइल तपासून साफ करवून घ्या. त्याला बरेच दिवस लागतील, तोवर कुलूप राहील. दुसरा, शेवटची चांगली प्रत आमच्याकडे आहे, ती सगळ्या खात्यावर बसवतो, तासाभरात सुरू. मी विचारलं, सगळा डेटा परत येईल ना? तो म्हणाला, प्रतीमध्ये जो आहे तो सगळा येईल. तेवढ्यात मामाचा बारावा फोन आला. मी ‘हो, करा’ असं लिहिलं.

प्रत कधीची, एवढं मी विचारायला हवं होतं. दोन शब्द. बॅकअपच्या धड्यात मी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. मी स्वतःला अजून त्याची माफी दिलेली नाही आणि कुणी द्यायला आलेलं मला चालणारही नाही.

तासाभरात खरंच सगळं सुरू झालं. मामाच्या पानावर अर्ज जुने होते, पण मामाकडे कागदावरही होते, त्याने ते पुन्हा भरून घेतले. ‘‘चालो, झालं ने बराबर? मी म्हणत नव्हतो?’’ भावाचे फोटो गेले, पण ते त्याच्या स्टुडिओत होतेच. काकूंच्या चकलीला काही झालं नाही. मी शाळा सुटल्यावर हलक्या मनाने भाजी घेतली, बाबांना आवडतात म्हणून सुरती पापडी घेतली, आणि घरी आले. बाबांचं पान उघडून बघावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ते केव्हाच चालू झालं असेल आणि बाबांनी वाचलंही असेल, म्हणजे आज सांगावं लागणार नाही, एवढंच मी मनात धरून चालले होते.

बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. मांडीवर पिशवी.

‘‘किती उशीर गं,’’ ते म्हणाले. ‘‘सुट्टी दिली असेल त्यांनी, ती वाट बघत असेल. आणि तिची मोरपंखी साडी कुठे सापडत नाहीये. मी ही निळी घेतली.’’

माझ्या हातातली पापडी ओट्यावर सांडली. मी त्यांना आत आणलं. टॅबवर शेवटची नोंद तीच होती, अर्ध्या पोळीची. तिच्यानंतर काही नाही. सात महिने नाहीत, स्थायी सूचना नाही, भाजीवाला नाही. मी तिथूनच कंपनीच्या माणसाला लिहिलं. दुसराच कुणी होता. त्याने शांतपणे कळवलं, की प्रत बसवताना आधीचं पुसलं जातं, ते आता कुठेही नाही, आणि आणखी काही मदत हवी आहे का?

मी बाबांना सांगितलं. या वेळी ते खाली बसले नाहीत. त्यांनी टॅबवर बोट ठेवलं. ‘‘लॉगमध्ये नाही.’’

‘‘बाबा, ही नोंद आठ महिन्यांपूर्वीची आहे. तारीख बघा.’’

त्यांनी चष्मा लावून तारीख बघितली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघितली. ‘‘मग मधल्या नोंदी कुठेत? आठ महिने काय प्लँट बंद होता?’’ त्यांचा आवाज चढला. बाबा माझ्यावर कधी ओरडलेले नाहीत, त्या दिवशी ओरडले. ‘‘तोंडी काहीही सांगशील ते मी धरायचं? ती तिकडे एकटी बसलीय!’’ आणि पिशवी घेऊन दाराकडे निघाले.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी कपाटातून महापालिकेचा मृत्यूचा दाखला काढला आणि त्यांच्या हातात दिला. माणसाला त्याच्या बायकोच्या मरणाचा कागद दाखवून गप्प बसवायचं, यापेक्षा हलकं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

बाबांनी पिशवी खाली ठेवली. दाखला खिडकीशी नेऊन दोनदा वाचला. नोंदणी क्रमांक बोटाने तपासला, शिक्का बघितला, सही बघितली. नोंदींशी त्यांचं असंच होतं, त्या खऱ्या असतील तर त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मग ते पलंगावर बसले आणि कागद गुडघ्यावर सरळ केला.

‘‘रेकॉर्ड बरोबर आहे,’’ ते म्हणाले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘मी कुठे होतो तेव्हा? ड्युटीवर?’’

‘‘नाही बाबा. तुम्ही दवाखान्यात होता. तिला साडी तुम्हीच दिलीत.’’

‘‘मी तिथे होतो?’’

‘‘हो.’’

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. त्या चेहऱ्यावर दुःखाच्या आधी शरम होती. मोठ्या साहेबांसमोर उभं केलेल्या माणसाची असते तशी.

‘‘मी तिथे होतो, आणि मी लिहिलं नाही?’’

‘‘लिहिलं होतं, बाबा. तुम्ही रोज लिहीत होता. सात महिने. माझ्याकडून पुसलं गेलं. पाच वेबसाइट एका खात्यात ठेवल्या मी, पासवर्ड दिला मी, आणि तारीख विचारली नाही. चूक माझी आहे.’’ मी एका दमात सगळं सांगितलं, मामा, फोटो, प्रत, सगळं. ते नीट ऐकत होते. त्यांच्या कंट्रोल रूममध्ये कितीतरी नव्या पोरांना आपल्या वरच्या माणसाची चूक स्वतःवर घेताना त्यांनी पाहिलं असणार. मला दिसत होतं की ते माझ्याकडे तसंच बघतायत.

ते उठून टॅबसमोर गेले. राहून गेलेली नोंद कशी करायची याचीही रिफायनरीत पद्धत होती, आणि ती त्यांना अजून येत होती. मी मागे उभी असताना ते स्वच्छ आवाजात बोलले आणि अक्षरं उमटली. ‘उशिरा केलेली नोंद. ही गेली. दाखला पाहिला, बरोबर आहे. मी हजर होतो. नोंद वेळेवर केली नाही. कारण: लिहिणाऱ्याचा हलगर्जीपणा. सर्व पाळ्यांनी वाचावे.’

त्यानंतर मी बाबांची वेबसाइट वेगळ्या खात्यात नेली. तिथे ती एकटी आहे, पासवर्ड फक्त मला माहीत आहे, रोज तिच्या दोन प्रती निघतात. बैल गेला आणि झोपा केला. मामाला राग आला, येऊ दे. मला आता नाही म्हणता येतं, पण त्याने काय होणार?

त्या नोंदीखाली मी एकदा माझ्या हाताने लिहून पाहिलं, की नोंद वेळेवर झाली होती, चूक मुलीची. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते पुसलं. त्यांच्या पाळीत दुसऱ्या कुणीतरी पेन लावलं होतं. ‘हलगर्जीपणा’ हा एक शब्द काढून टाकावा म्हणून मी दोनदा टॅबसमोर जाऊन उभी राहिले. त्यांचं लिहिलेलं एकदा मी पुसलंय. पुन्हा हात धजत नाही.

आता बाबा आईला घरात शोधत नाहीत. सकाळी उठतात, नोंद वाचतात, आणि ती गेल्याचं आणि आपण ते लिहायला विसरल्याचं त्यांना एकदमच कळतं. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात आणि मला विचारतात, ‘‘एवढी मोठी गोष्ट मी लिहिली कशी नाही गं?’’ मी गॅस बारीक करून रोज तेच सांगते, की तुम्ही लिहिलं होतं, माझ्याकडून पुसलं गेलं. ते ऐकून घेतात. आणि रोज माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, ‘‘असू दे. माझी चूक तू आपल्या अंगावर घेऊ नकोस.’’